खांदेरीला जाण्याआधी

गिरगाव, मुंबई

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर जायचं ठरवलंस, तेही किल्ल्यासाठी नव्हे तर दीपगृहासाठी, हे वाचून बरं वाटलं. शिवाजी महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी, 1679 ची इंग्रजांशी झुंज, हे सांगणारे तुला होडीतच चार जण भेटतील. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आल्यापासून तर विचारू नकोस. 1867 साली उभ्या राहिलेल्या बत्तीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

आधी भरतीचा हिशेब. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. षष्ठीला साडेचार, म्हणजे साडेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. नेमक्या अशाच षष्ठीला आम्ही साडेदहाला खांदेरीची होडी धरायला थळच्या किनाऱ्यावर पोचलो होतो. होडी दूर पाण्यात आणि मध्ये गुडघाभर चिखल. माझी एक चप्पल अजून तिथेच असेल. तेव्हा पंचांग बघ आणि तरी होडीवाल्याला विचार. शेवटचा शब्द त्याचा.

जाण्याच्या आदल्या रात्री थळलाच राहा. अंधार पडला की किनाऱ्यावर बस आणि घड्याळ लावून मोज: किती चमका, मग किती सेकंद काळोख. प्रत्येक दीपगृहाची लकेर वेगळी. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, त्यावरूनच ओळखतो की समोर कुठली बत्ती आहे.

ही लकेर कुठून येते, हे कळलं की निम्मं यंत्र कळलं. आता बत्त्या विजेवर चालतात, पण जुनं फिरतं भिंग बघायला मिळालं तर आधी त्याच्या बाजू मोज. समजा चार बाजू आहेत आणि एक फेरा साठ सेकंदांचा आहे. मग दर पंधरा सेकंदांनी एक झोत तुझ्यावरून जाणार. दिवा स्वतः विझत नाही, तो नुसता फिरून दुसरीकडे बघतो.

फेरा एकसारखा ठेवायला मोटर नव्हती. मनोऱ्याच्या पोटातून एक जड वजन हळूहळू खाली यायचं आणि ते दाती चाकं फिरवायचं. आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळाचाच थोरला भाऊ म्हण. वेग वाढू नये म्हणून गव्हर्नर, म्हणजे वेगाला लगाम घालणारा भाग. वजन तळाला पोचण्याआधी कुणीतरी हँडल फिरवून ते परत वर चढवायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की वादळ असो. हँडल दिसलं तर त्याची मूठ बघ. फोटो नंतर. झिजलेल्या मुठीवर माणसाचा तळवा कसा बसायचा ते दिसतं. हे बघितलं नाहीस तर नुसतं लोखंड बघून येशील.

भिंग टनाटनांचं, तरी बोटाने ढकललं की फिरायचं, कारण ते पात्रातल्या पाऱ्यावर तरंगायचं. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड. त्या पात्रात बोट बुडवायचा मोह होईल, बुडवू नकोस. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, आणि शरीरात जाते. बंद खोलीत उगाच रेंगाळूही नकोस.

काचेलाही हात लावू नकोस. मी एकदा लावला होता. तिथले म्हातारे काका काही बोलले नाहीत, फक्त फडकं घेऊन तेवढाच एक लोलक दहा मिनिटं पुसत बसले. शिवी दिली असती तर परवडलं असतं. अशी कड्याकड्यांची भिंगं फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने आणली. पहिलं 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात लागलं. दिवसा त्याला पडदे लावतात. का, ते विचारायच्या आधी स्वतः विचार कर: जे भिंग आतला दिवा समुद्रावर फेकतं, ते बाहेरचं ऊन आत कुठे गोळा करेल?

विजेच्या आधीचा दिवा कसा होता, हे लग्नाच्या वरातीतली गॅसबत्ती आठवली की कळेल. पंप मारून रॉकेलवर दाब द्यायचा, त्याची वाफ जाळीवर पेटायची. काजळी धरली की झोत गेला.

गडावर वेताळाचं देऊळ आहे. कोळ्यांचा तो देव, तिथे चपला काढून जा.

आणि थळला मोजलेले आकडे मला पाठव. चमका आणि काळोख, दोन्ही. माझ्याही जुन्या वहीत आहेत. ताडून बघायचे आहेत.

तुझा,
काका