वहीला सगळं येतं, मला नाही

पहिल्या इंटर्नल परीक्षेचे मार्क लागले की माझ्याकडे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं समुपदेशनासाठी यायला लागतात. तक्रार ठरलेली असते: "मॅडम, नोट्सच पूर्ण होत नाहीत." आईवडिलांचा फोन आला तर तीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून ऐकू येते. "अहो, पोरगा रात्री दोनपर्यंत लिहीत बसतो, मग नापास कसा झाला?" मागच्या एका आठवड्यात हे तीनदा ऐकलं, तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. ज्याची गोष्ट सांगते आहे तो आता पुढच्या वर्षाला आहे. त्याला विचारून लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा तालुक्याच्या गावचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग लातूरला दोन वर्षं क्लास, आणि नीटला पहिल्याच प्रयत्नात सरकारी कॉलेज. घराण्यातला पहिला डॉक्टर होणार म्हणून गावात फ्लेक्स लागलेला. (या फ्लेक्सवर कधीतरी वेगळं लिहायला हवं. अठरा वर्षांच्या पोराच्या मानेवर ते फार मोठं ओझं असतं.) पहिल्या भेटीला येताना त्याने पाठीवरची सॅक माझ्या टेबलावर उघडली. आत अकरा वह्या. ॲनाटॉमीच्या पाच, फिजिओलॉजीच्या तीन, बायोकेमिस्ट्रीच्या तीन. धमन्या लाल, शिरा निळ्या, नसा पिवळ्या, आणि अक्षर तर छापल्यासारखं. मला खरंच कौतुक वाटलं आणि मी ते बोलून दाखवलं.

तो म्हणाला, "वहीला सगळं येतं मॅडम. मला नाही."

हे वाक्य मी तेव्हाच पकडायला हवं होतं. मी पकडलं नाही. झोप, जेवण, घरची आठवण, मनात जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याचे विचार येतात का, हे सगळं विचारून घेतलं. हे मी प्रत्येकाला विचारते, आणि त्याबाबत तो ठीक होता. मग अभ्यासाचं वेळापत्रक करायला सांगितलं. दुसऱ्या भेटीला तो वेळापत्रक घेऊन आला, सहा रंगांत, पट्टीने आखलेलं. त्यात चार दिवस गेले होते. मी हसले, तोही हसला, आणि मग मला जरा लाजच वाटली. ज्याच्यावर उपाय करायचा तेच मी त्याला आणखी करायला दिलं होतं.

तिसऱ्या भेटीत मी वह्या बाजूला ठेवायला लावल्या. मला वैद्यकातलं काही कळत नाही, आणि या कामात त्याचा फायदाच होतो. म्हटलं, "माझं एक काम कर. सकाळी माझं कोपर दाराला आपटलं. दुखायला हवं कोपर, पण मुंग्या आल्या करंगळीत. असं का?"

तो लगेच म्हणाला, "अल्नर नर्व्ह. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो ना, त्याच्या मागून ती जाते. तिथे वर फारसं मांस नसतं. करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू तिच्याकडे असते."

"वहीत बघून सांगितलंस?"

तो गप्प. मग हळूच, "नाही."

"ही नस येते कुठून?"

"ब्रेकियल प्लेक्ससमधून. पाच मुळांतून हातापर्यंत येणारं नसांचं जाळं असतं ते." हात सॅककडे गेला. मी टेबलावरचं वीजबिल उलटं करून त्याच्यापुढे सरकवलं. "इथे काढ."

"मॅडम, चुकेल."

"मग?"

या "मग?"पाशी आम्ही जवळजवळ वीस मिनिटं होतो. चुकलं तर काय, मग काय, आणि त्याच्या पुढे काय. शेवटी आम्ही पोचलो ते असं: चुकलं म्हणजे मला येत नाही, येत नाही म्हणजे मी इथे चुकून आलोय, आणि ते सगळ्यांना कळणार. इतकी साखळी त्या पाच मुळांच्या चित्राला बांधलेली होती. वही लिहिताना ही साखळी ओढली जात नाही, कारण तिथे चुकायची सोयच नसते. पुस्तकात पाहायचं आणि उतरवायचं. तो रात्री दोनपर्यंत अभ्यास करत नव्हता, "मला येतं का?" हा प्रश्न टाळत होता. आणि टाळण्यासाठी माणूस इतके कष्ट करू शकतो हे मला इतक्या वर्षांच्या कामानंतरही थक्क करतं.

मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पठडीतली. त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या हट्टी समजुतींनी होतो, या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विचारावर माझं सगळं काम उभं आहे, आणि आमच्या भाषेला तो विचार जणू आतून ठाऊक आहे असं मला नेहमी वाटतं. कारण मराठीत दुखणं एका अक्षरात सापडतं. "मला सगळं यायला पाहिजे" ही इच्छा झाली. "मला सगळं यायलाच पाहिजे" म्हटलं की त्या "च"ने गळा धरलाच. त्याला मी ते वाक्य दोन्ही तऱ्हांनी मोठ्याने म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्याचे खांदे वर गेले, ते त्याचं त्यालाच जाणवलं.

मग त्याने चित्र काढलं. मणक्यांतून निघणारी सी-पाचपासून टी-एकपर्यंत पाच मुळं, तीन ट्रंक म्हणजे खोडं, प्रत्येकीचे दोन फाटे, आणि ते जुळून झालेल्या तीन कॉर्ड. काढून झाल्यावर म्हटलं, आता वही उघड आणि तूच तपास. मला कुठे कळणार होतं? त्याने बोट फिरवलं आणि थांबला. "लॅटरल कॉर्डला मिडल ट्रंकची फांदी द्यायची राहिली."

"बरं. काय झालं मग?"

बराच वेळ तो कागदाकडे बघत होता. "काही नाही," म्हणाला. मग जरा नवल वाटल्यासारखा, "मॅडम, आता हे मी विसरणार नाही."

यातलं शास्त्र त्याला मी नंतर सांगितलं, ते इथेही सांगते. नीटला प्रश्नासोबत चार पर्याय समोर असतात, उत्तर ओळखायचं असतं. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पर्याय नसतात, आठवावं लागतं. लग्नात एखाद्याचा चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव काही केल्या आठवत नाही, तसाच हा फरक. पुन्हा पुन्हा वाचल्याने, उतरवल्याने चेहरा ओळखीचा होतो. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचण्यातच चार फेऱ्या घालवल्या. काहींनी पहिल्या फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. रात्री दोन वाजता वाटणारं "आलं सगळं" हे त्या पहिल्या पाच मिनिटांचं असतं.

म्हणून नोट्स काढूच नका असं मी म्हणत नाही. क्रम उलटा करा. वाचा, पुस्तक मिटा, मग लिहा, आणि जे सुटलं तेवढंच वेगळ्या पेनाने भरा. बाकीचं सीनियरच्या झेरॉक्समध्ये आहेच, ते सुंदर अक्षरात पुन्हा लिहिल्याने तुमचं होत नाही. आकृत्या रफ कागदावर काढा आणि फेकून द्या. ठेवल्या की त्या सजवाव्याशा वाटतात. दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, न बघता पुन्हा. मराठी माध्यमातल्या मुलांसाठी एक जास्तीची गोष्ट: समजून मराठीत घ्या, त्यात कमीपणा नाही, पण मित्राला समजावताना इंग्रजीतून मोठ्याने बोला. व्हायव्हात अडतं ते बऱ्याचदा जिभेपाशी. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो नोट्सचा प्रश्न राहिलेला नसतो. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मोफत आहे.

त्यानंतर तो पाच वेळा आला. दर वेळी सॅक हलकी होती. मधल्या एका भेटीत गाडी पुन्हा घसरली होती, बायोकेमिस्ट्रीतलं क्रेब्स सायकल तीन रंगांत काढून आणलं होतं. मी काही बोलले नाही, वीजबिल पुढे केलं. त्याने निमूटपणे पाठीमागे काढलं, दोन ठिकाणी चुकला, स्वतःच शोधलं.

परीक्षेनंतर फोन आला. मार्क विचारले तर फिजिओलॉजीत काठावर सुटला होता, आणि ते त्याने घाईघाईत सांगून टाकलं. सांगायचं होतं ते ॲनाटॉमीच्या व्हायव्हाचं. परीक्षकांनी हाताच्या नसांवर विचारलं आणि त्याचं डोकं कोरं झालं.

"मग?"

"मग म्हटलं, सर, कागद मिळेल का? आणि मॅडम, मिडल ट्रंकची फांदी सगळ्यात आधी काढली."