सालाझार खुर्चीवरून पडला, मग खुर्ची कोणाला? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या वेळी पोर्तुगालच्या सालाझारवर लिहिताना जाता जाता म्हणालो होतो की हुकूमशहा वारसाला खुर्ची देऊ शकतो, पण लष्कर, चर्च, पक्ष, शेठलोक या सगळ्यांची शेंडी ज्या मुठीत धरलेली असते ती मूठ काही देता येत नाही. त्यावर बरेच प्रश्न आले, त्यातले पाच घेतोय.

मडगावहून: सत्ता गेल्याचं सालाझारला शेवटपर्यंत कळलंच नाही म्हणतात. खरं की दंतकथा?

बरंचसं खरं. १९६८ चा ऑगस्ट, लिस्बनजवळ एस्तोरिलच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात तो उन्हाळ्यासाठी गेलेला, तिथे कॅनव्हासच्या खुर्चीवरून पडला आणि डोकं फरशीवर आपटलं. वय ७९. कोणाला सांगू नका म्हणाला आणि महिनाभर काम करत राहिला. सप्टेंबरमध्ये डोकेदुखी वाढली, मेंदूत रक्त साकळलेलं निघालं, ऑपरेशन झालं, त्यातून जरा सावरतोय तोवर मोठा स्ट्रोक. आता काही वाचत नाही असं धरून २७ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष आमेरिको तोमाशनी मार्सेलो काएतानोला पंतप्रधान केलं. १९३३ च्या घटनेप्रमाणे पंतप्रधान नेमायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचाच, त्यामुळे कागदावर सगळं रीतसर.

पंचाईत पुढे झाली. म्हातारा मेलाच नाही! शुद्धीवर आला, सरकारी बंगल्यात परत आला, आणि आता तुम्ही पंतप्रधान नाही हे त्याला सांगायची कोणाची टाप नाही. जुने मंत्री यायचे, समोर बसायचे, हा सूचना द्यायचा, ते माना डोलवायचे, की झाली कॅबिनेट मीटिंग. २७ जुलै १९७० ला गेला तोवर हे असंच चाललं. आतून त्याला कळलं असेल का? मला तरी वाटतं थोडंफार कळलं असणार, इतका संशयी माणूस, पण ते माझं मत. ३६ वर्षं पंतप्रधान राहून माझ्यामागे अमुक असं त्याने कधी जाहीर केलं नव्हतं, हे मात्र मत नाही.

नाशिकहून: वारस आधीच नेमून ठेवला तर गोंधळ होणार नाही ना? मग नेमत का नाहीत?

कारण नेमला की दुसऱ्या दिवसापासून लोक त्याच्या दारात उभे राहतात. हिटलरने १ सप्टेंबर १९३९ ला भर सभागृहात सांगून टाकलं होतं, माझ्यामागे गोअरिंग, त्याच्यामागे हेस. हेस १९४१ मध्ये विमान घेऊन एकटाच स्कॉटलंडला उडाला. एप्रिल १९४५ मध्ये गोअरिंगने तार करून विचारलं की मी सूत्रं हातात घेऊ का, तर त्याला गद्दार ठरवून अटक! शेवटी गादी मिळाली ॲडमिरल डोनिट्झला, आणि ती सुद्धा २३ मेपर्यंतच.

मुसोलिनीची तऱ्हा अजून मजेशीर. १९२८ च्या कायद्याने फॅसिस्ट महापरिषदेकडे काम दिलं होतं की पुढच्या पंतप्रधानपदासाठी लायक नावांची यादी तयार ठेवायची. त्याच परिषदेने जुलै १९४३ मध्ये त्याच्याविरुद्ध मतदान केलं, राजाने त्याला काढून अटक करवली आणि मार्शल बादोल्योला आणून बसवलं.

पुण्याहून: स्पेनचा हुकूमशहा फ्रँको, त्याने तर कायदा करून वारस नेमला होता. ते का फसलं?

हा माझा आवडता विषय, जरा लांबेल. १९४७ च्या कायद्याने स्पेन म्हणजे राजेशाही, पण गादीवर राजा नाही, फ्रँको तहहयात प्रमुख आणि राजा कोण ते तोच ठरवणार. बावीस वर्षं त्याने सगळ्यांना झुलवत ठेवलं आणि १९६९ मध्ये नाव घेतलं राजघराण्यातल्या हुआन कार्लोसचं, त्याच्या बापाला डावलून, कारण बापाने १९४५ मध्येच फ्रँकोला जाहीरपणे पायउतार हो म्हटलं होतं. १९६९ च्याच नाताळच्या भाषणात म्हातारा म्हणाला, सगळं बांधून ठेवलंय, घट्ट बांधून ठेवलंय.

दोरी होती कारेरो ब्लँको, फ्रँकोचा उजवा हात. जून १९७३ ला पंतप्रधान झाला, राजा पोरगा आहे, याने त्याला धाकात ठेवायचं असा हिशोब. पण हा गडी रोज ठरल्या वेळी प्रार्थनेला जायचा. बास्क प्रांत स्पेनपासून वेगळा करायला निघालेल्या एटा या सशस्त्र संघटनेच्या पोरांनी त्याच रस्त्यावर तळघर भाड्याने घेऊन रस्त्याखाली बोगदा खणला आणि २० डिसेंबर १९७३ ला स्फोट केला, गाडी चर्चच्या इमारतीवरून उडून पलीकडच्या आतल्या गच्चीत पडली.

आणि खरी किल्ली तर भलतीकडेच होती. संसदेचा अध्यक्ष हाच राज्यपरिषदेचाही अध्यक्ष, ती परिषद तीन नावं काढणार आणि राजाने त्यातूनच पंतप्रधान निवडायचा. म्हणजे राजा कोणीही असो, तीन नावं आपल्याच माणसांची. त्या अध्यक्षाची मुदत २६ नोव्हेंबर १९७५ ला संपत होती. फ्रँकोला नळ्या लावून, ऑपरेशनवर ऑपरेशन करून जगवत होते ते या तारखेसाठीच असं तेव्हापासून बोललं जातं. गेला २० तारखेला. सहा दिवस! हुआन कार्लोसने तिथे आपले जुने मास्तर फर्नांदेझ मिरांडा बसवले आणि जुलै १९७६ मध्ये तीन नावांत राजाला हवं असलेलं अडोल्फो सुआरेझचं नाव बरोब्बर आलं. नोव्हेंबरमध्ये फ्रँकोच्याच संसदेने ४२५ विरुद्ध ५९ मतांनी स्वतःला मोडीत काढणारा कायदा पास केला. कुलूप फोडलं नाही कोणी, त्याच्याच किल्लीने उघडलं.

डोंबिवलीहून: घराणेशाही का नाही केली, उत्तर कोरियासारखी?

सालाझारने लग्नच केलं नाही. फ्रँकोला एकच मुलगी, पण १९७२ मध्ये त्याच्या नातीचं लग्न हुआन कार्लोसच्या चुलतभावाशी लागलं आणि घरातल्यांना नातजावई राजा व्हावा अशी स्वप्नं पडायला लागली होती. म्हातारा बधला नाही.

रत्नागिरीहून: काएतानो सहा वर्षांत का कोसळला, आणि या सगळ्याचा गोव्याला काही फरक पडला का?

काएतानो कायद्याचा प्राध्यापक, थोडी मोकळीक द्यावी असं त्याच्या मनात होतं, पण तोमाश आणि सेनापतींना आफ्रिकेतल्या वसाहतींमधली युद्धं थांबवायची नव्हती. त्यात १९७३ मध्ये सरकारने सक्तीच्या भरतीतून आलेल्या अधिकाऱ्यांना झटपट प्रमोशन द्यायचा हुकूम काढला, कायम नोकरीतले कॅप्टन भडकले, आधी तक्रार सिनियॉरिटीची होती, मग बोलता बोलता सगळ्या राजवटीचीच झाली. २५ एप्रिल १९७४ ला या कॅप्टनांनी क्रांती करून राजवट उलथवली, संपलं. सालाझारच्या हाताखाली हेच भांडण कदाचित फायलीतच मेलं असतं.

गोवा १९६१ लाच सुटला होता, पण सालाझारने ते कधी मान्य केलं नाही. बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात पकडलेले गोवा मुक्तिलढ्यातले आपले मोहन रानडे २६ वर्षांची शिक्षा घेऊन पोर्तुगालच्या तुरुंगात तसेच राहिले, त्यांच्यासाठी सुधीर फडके वगैरे मंडळी इकडे धडपडत होती. सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये, सालाझार अंथरुणाला खिळल्यावर चार महिन्यांनी. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं ते काएतानोही गेल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. आणि गोव्यात लढून मरा असा हुकूम मोडून शरण आलेला गव्हर्नर वासालो इ सिल्वा, ज्याला सालाझारने लष्करातून हाकललं होतं, त्याला त्याचा हुद्दा त्याच क्रांतीनंतर परत मिळाला.