फिट थांबली म्हणून गोळी थांबवू नका
कुत्र्यांच्या अपस्माराविषयी वाचकांचे प्रश्न

कुत्र्यांच्या फिट्सबद्दल मागे एकदा लिहिलं, तेव्हापासून पत्रं येतच आहेत. कुत्रे वेगळे, घरं वेगळी, घोळ मात्र तेच पाच-सहा. म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देते. तुमचा कुत्रा मी तपासलेला नाही, त्यामुळे इथलं वाचून कुणीही डोस कमी-जास्त करायचा नाही. ते तुमच्या व्हेटना विचारूनच.

प्रश्न : फिट आली की जीभ घशात जाऊ नये म्हणून आम्ही तोंडात चमचा घालतो. बरोबर ना?

नाही. कुत्रा जीभ गिळत नाही. तुमचं बोट मात्र तुटू शकतं, आणि त्याचा दातही.

प्रश्न : आमचा साडेतीन वर्षांचा लॅब्रॅडॉर पहाटे झोपेतच ताठ झाला, मग आडवा पडून पाय झाडू लागला. तोंडाला फेस, लघवीही झाली. आम्ही नुसते बघत राहिलो. अशा वेळी करायचं काय?

घड्याळ बघायचं. चेष्टा नाही, पहिलं काम तेच. घाबरलेल्या माणसाला दीड मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं आणि मग मला सांगितलं जातं, 'डॉक्टर, अर्धा तास फिट होती!' बहुतेक फिट्स एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं उलटून गेली तर मात्र वाट बघत बसू नका, गाडीत घाला आणि निघा. इतका वेळ स्नायू आखडत राहिले की अंगाचं तापमान झपाट्याने चढतं आणि मेंदूला इजा व्हायला लागते. 24 तासांत दोन किंवा जास्त फिट्स आल्या, तरी त्याच दिवशी दाखवायचं. मधे तो खेळला, जेवला, तरीही.

बाकी करण्यासारखं थोडंच असतं. जिन्याजवळ किंवा पलंगाच्या कडेला असेल तर हलकेच बाजूला ओढा, डोक्याखाली घडी केलेली चादर सरकवा, टीव्ही आणि दिवा बंद करा. धरून ठेवू नका, पाणी पाजू नका, तोंडापासून हात लांब ठेवा. घरात दुसरं कुणी असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करावं. क्लिनिकमध्ये येईपर्यंत तुमचा कुत्रा शेपटी हलवत असतो, मग मी तपासायचं काय? हृदयाच्या दोषामुळे आलेली चक्कर, म्हाताऱ्या कुत्र्याचा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा बिघाड आणि खरी फिट, या तिन्हींचं वर्णन घरची माणसं एकाच शब्दात करतात : 'पडला'. चित्रणात त्याचे डोळे आणि चारही पाय दिसू द्या.

फिट संपल्यावर काही वेळ तो भिंतीला धडकेल, तात्पुरतं दिसेनासं होईल, येरझाऱ्या घालेल, अधाशासारखा खायला मागेल. त्या गोंधळात घरच्या माणसावरही गुरगुरेल, कदाचित चावेलही. तो रागावलेला नाही, त्याला तुम्ही कोण ते कळत नाहीये. मुलांना लांब ठेवा. ज्यांच्या कुत्र्याला एकामागून एक फिट्स येतात त्यांनी फिट थांबवायला गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम किंवा नाकात फवारायचं मिडाझोलाम घरी ठेवण्याबद्दल व्हेटना आधीच विचारावं. ते कसं द्यायचं तेही तेव्हाच करून बघावं. रात्री तीन वाजता पहिल्यांदा शिकायची गोष्ट नव्हे ती.

प्रश्न : झोपेत पाय हलवते, बारीक आवाजात भुंकते. ही फिट का?

हाक मारा. जागी झाली आणि लगेच ओळखलं, तर स्वप्न. फिटमधला कुत्रा हाकेने भानावर येत नाही. तरी शंका राहिली तर चित्रण करून व्हेटना दाखवा.

प्रश्न : रक्ताच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. व्हेट म्हणाले 'इडिओपॅथिक एपिलेप्सी'. म्हणजे त्यांना काही कळलं नाही, असंच ना?

असं नाही. इडिओपॅथिक म्हणजे दुसरं कारण न सापडलेला अपस्मार. हे निदान एकेक कारण बाद करत करायचं असतं. रक्तातली साखर उतरणं, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार, व्यायलेल्या कुत्रीत कॅल्शियम कमी होणं, डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार), विषबाधा (चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगममधलं झायलिटॉल, गोगलगायी मारायचं औषध) यांतलं काही नाही, पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षं या वयात आली, आणि दोन फिट्सच्या मधे कुत्रा पूर्ण धड आहे, तेव्हा हे नाव दिलं जातं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 2015 साली ठरवलेल्या निकषांतही हीच वयोमर्यादा आहे. वय या चौकटीबाहेर असेल, किंवा एरवीही त्याचं चालणं-वागणं बिघडलेलं असेल, तर एमआरआय आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्याची तपासणी करून घ्यायला न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

बऱ्याच जातींत हा आजार घराण्यात चालतो : बॉर्डर कॉली, बेल्जियन शेफर्ड, बीगल, गोल्डन रिट्रीव्हर. एवढ्यावर काही लोक डीएनए किट विकतात. लागोट्टो रोमान्योलो जातीच्या पिल्लांतल्या फिट्सचा किंवा वायरहेअर डॅक्सहुंडमधल्या लाफोरा आजाराचा जीन सापडला आहे, तिथे चाचणीला अर्थ आहे. बहुतेक जातींच्या नेहमीच्या अपस्मारासाठी अशी खात्रीची चाचणी नाही. किट घेण्याआधी विचारा, ते नेमका कोणता जीन बघतं.

प्रश्न : फिट आल्यावर शेजारी म्हणतात, कुत्रा पिसाळलाय. लहान मुलांना आमच्या दारात येऊ देत नाहीत.

अपस्मार संसर्गाने पसरत नाही. रेबीजमध्ये कुत्रा दिवसेंदिवस बिघडत जातो आणि लक्षणं दिसू लागल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. फिट येऊन दुपारी चेंडूमागे धावणारा आणि पुढच्या महिन्यातही धावणारा कुत्रा पिसाळलेला नसतो. शेजाऱ्यांना लसीकरणाचं कार्ड दाखवा आणि फिटचं चित्रण दाखवून काय होतं ते समजावून सांगा. पट्ट्यावर 'मला फिट्स येतात' असं लिहिलेली पट्टी आणि तुमचा फोन नंबर लावा. तो हरवला तर उपयोगी पडेल. 26 मार्चला माणसांच्या अपस्मारासाठी जांभळा दिवस पाळतात, त्या निमित्ताने सोसायटीत चार माणसांना सांगितलंत तरी पुष्कळ. मात्र कुत्र्याने कुणाला चावा घेतला असेल, आणि त्याची लस झाली आहे की नाही हे पक्कं माहीत नसेल, तर तर्क लढवू नका. चावलेल्या माणसाने जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

प्रश्न : एकच फिट आली आहे. गोळ्या लगेच सुरू करायच्या का?

बहुधा नाही. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त आल्या, तर हो. पहिलीच फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली, किंवा एका दिवसात अनेक आल्या, तर लगेच. ठरवायचं व्हेटनी.

प्रश्न : फिट्सवरची गोळी फेनोबार्बिटल सुरू होऊन चौदा महिने झाले, एकही फिट नाही. पण भूक आणि तहान फार वाढली, वजन वाढलं. शिवाय ओळखीच्यांनी सांगितलं की या गोळीने लिव्हर जातं. म्हणून आठवड्यापूर्वी गोळी बंद केली आणि एक मेंदूचं टॉनिक चालू केलं. ठीक आहे ना?

ठीक नाही. हे वाचत असाल तर बाकीचं नंतर वाचा, आधी तुमच्या व्हेटना फोन करा. स्वतःच्या मनाने पूर्ण डोस पुन्हा सुरू करू नका, त्यांना विचारा.

केलात फोन? आता ऐका. चौदा महिने फिट आली नाही ती गोळीमुळे. आजार कुठे गेला नव्हता, गोळीने त्याला दाबून धरलं होतं. फेनोबार्बिटल रोज मिळालं की मेंदूची त्याच्याशी घडी बसते. ते एकदम काढून घेतलं की आधी होती त्याहूनही मेंदूची उत्तेजना वाढते, आणि मग येतात त्या फिट्स एकेकट्या येत नाहीत, झुंडीने येतात. एक बीगल माझ्याकडे असाच आणला. घरच्यांनी आधी डोस निम्मा केला, मग एक दिवसाआड, मग बंद. बंद केल्याच्या चौथ्या रात्री फिट्स सुरू झाल्या. टेबलावर घेतला तेव्हा थर्मामीटर 107 फॅरनहाइट दाखवत होता. त्याच्या मालकांच्या खिशातून गोळ्यांची पट्टी निघाली. कुठल्या दिवशी किती दिली ते त्यांनी बॉलपेनने पाठीवर लिहून ठेवलं होतं. एवढं नीट लिहिणारा माणूस एक फोन करत नाही, याचं मला आजही नवल वाटतं. बीगल वाचला. दोन दिवस घरच्यांना ओळखत नव्हता.

गोळी कधीच कमी होत नाही असं नाही. एक-दोन वर्षं एकही फिट नसेल तर विचार करता येतो, पण तेव्हाही दर महिन्याला फार तर 20 टक्के उतरवत, व्हेटच्या नजरेखाली, आणि फिट परत येऊ शकते हे धरून.

आता लिव्हर. भीती खोटी नाही, पण अर्धवट आहे. धोका मुख्यतः रक्तातली औषधाची पातळी फार वाढली की असतो, आणि ती पातळी मोजता येते. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर साधारण दोन आठवड्यांनी, मग दीड महिन्याच्या सुमारास, पुढे दर सहा महिन्यांनी लिव्हरच्या तपासण्यांसोबत. रिपोर्टमध्ये एएलपी (लिव्हरच्या तपासणीतलं एक एन्झाइम) वाढलेलं दिसलं म्हणून लगेच लिव्हर गेलं असं होत नाही. हे औषध ते वाढवतंच. शिवाय शरीर हळूहळू हे औषध जास्त वेगाने निकालात काढायला शिकतं, म्हणून डोस तोच असूनही पातळी उतरते आणि फिट परत येते. यांतलं काहीही ओळखीच्यांना कळत नाही, रक्ततपासणीला कळतं. भूक-तहान पहिल्या काही आठवड्यांनंतर बऱ्याचदा थोडी कमी होते. वजनासाठी जेवण मोजून घाला. तरीही जमत नसेल तर पोटॅशियम ब्रोमाइड, लेव्हेटिरासिटाम, इमेपिटॉइन आहेत. पण ब्रोमाइडची पातळी स्थिर व्हायला जवळपास तीन महिने लागतात आणि जेवणातलं मीठ बदललं की तीही बदलते, लेव्हेटिरासिटाम बहुधा दिवसातून तीनदा द्यावं लागतं. म्हणजे बदलही शिस्तीनेच. फेनोबार्बिटल 1912 पासून अपस्मारावर वापरात आहे. जुनं आहे म्हणून कमअस्सल ठरत नाही.

बारा तासांनी म्हणजे बारा तासांनी. डोस विसरलात तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. काय करायचं ते आधीच विचारून फ्रिजवर चिकटवून ठेवा. आणि पट्टीत दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की नव्या आणा. चिठ्ठीशिवाय न मिळणारं औषध आहे, रविवारी संध्याकाळी शोधत फिरायचं नाही.

प्रश्न : मग टॉनिक, सीबीडी (भांगेच्या झाडातलं) तेल, एमसीटी (खोबरेलातून काढतात ते) तेल यांचा काहीच उपयोग नाही?

टॉनिकच्या बाटलीवर 'नैसर्गिक' आणि 'दुष्परिणाम नाहीत' लिहिलेलं असतं. आत किती काय आहे ते बहुतेक वेळा नसतं. सीबीडीवर 2019 साली कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचा एक छोटा अभ्यास आला. फिट्स काहीशा कमी झाल्या, पण फिट्स निम्म्यावर आलेल्या कुत्र्यांचं प्रमाण सीबीडी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटात जवळपास सारखंच निघालं. एमसीटी असलेल्या आहाराने काही कुत्र्यांना फायदा झाल्याचं 2015 च्या अभ्यासात दिसलं, तेही गोळ्या चालू ठेवून. गोळीऐवजी यांतलं काहीही नाही. जोडीला द्यायचं तर व्हेटना विचारून.

प्रश्न : गोचिडांची चघळायची गोळी देऊ का?

त्यांतल्या आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्यांनी काही कुत्र्यांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये तशी सूचना काढली. तुमच्या कुत्र्यासाठी दुसरा उपाय विचारून घ्या.

प्रश्न : तिला एकदा पिल्लं होऊ द्यावीत का?

नको.

प्रश्न : फिट्सची वही ठेवा म्हणता. त्यात काय लिहायचं?

तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय चाललं होतं, पूर्वपदावर यायला किती वेळ लागला, त्या दिवशीचे दोन्ही डोस किती वाजता दिले, महिन्यातून एकदा वजन. चुकलेला डोस लपवू नका, मी रागावले तरी लिहा. आणि तपासणीला येताना वही बरोबर आणा. 'घरी राहिली डॉक्टर' हे मी या आठवड्यात तिसऱ्यांदा ऐकलं.