चेंडू सगळ्यात वर गेला की वेग शून्य, मग त्वरण पण शून्य का नाही?

बारावीचं गणित दिसतंय म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको. तू विचारलंयस की १४.७ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला ९.८ मीटर वेगानं सरळ वर फेकला तर तो कुठपर्यंत जाईल आणि जमिनीवर किती वेगानं आदळेल, हे डेरिव्हेटिव्हनं कसं काढायचं. आणि खाली हळूच एक शंका टाकलीयस, की वर वेग शून्य होतो तर त्वरण (म्हणजे वेग बदलण्याचा दर) पण शून्य व्हायला पाहिजे ना? गणित दोन मिनिटांचं आहे, मजा त्या शंकेत आहे.

आधी गणित उरकू. वेळ ट धरली तर जमिनीपासून उंची = १४.७ + ९.८ट − ४.९ट² (इथलं ९.८ फेकण्याच्या वेगाचं, आणि ४.९ म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ चं निम्मं). डेरिव्हेटिव्ह म्हणजे उंची कुठल्या क्षणी किती झपाट्यानं बदलतीय ते, म्हणजेच वेग. वेग = ९.८ − ९.८ट. १४.७ उडून गेला, कारण गच्ची काय हलत नाही. वेग शून्य ठेवला की ट = १, उंचीत टाकलं की १९.६ मीटर. झालं.

आता जमिनीवर आदळण्याचं. इथं माझ्या शिकवणीतली निम्मी पोरं दरवर्षी घसरतात, आदळला म्हणजे थांबला असं म्हणून परत वेगच शून्य ठेवतात आणि मग परत ट = १ आलं म्हणून माझ्याकडे बघत बसतात. अरे बाबा, जमिनीवर उंची शून्य असते, वेग नाही. उंची शून्य ठेवून ४.९ नं भागलं की ट² − २ट − ३ = ०, म्हणजे ट = ३ (दुसरं उत्तर −१ येतं, ते फेकायच्या आधीचं, सोडून दे). वेग = ९.८ − २९.४ = −१९.६. उणे म्हणजे खाली. १९.६ दोनदा आलं म्हणून गोंधळू नको, एकदा मीटर आहेत आणि एकदा सेकंदाला मीटर, आकडे सुटसुटीत यावेत म्हणून गणित काढणाऱ्यानं तसे निवडलेत.

आता शंका. मी सोलापुरात पूर्व भागात राहतो, शिकवणी चालू असताना शेजारचा यंत्रमाग खडखडत असतो, आणि एका पोरानं हाच प्रश्न विचारला तेव्हा मी सगळ्यांना उठवून तिथंच घेऊन गेलो. जुन्या साध्या मागावर धोटा (आडवा धागा नेणारा) या टोकाच्या पेटीतून त्या टोकाच्या पेटीत जातो, तिथं अडकून बसतो, मग पिकरचा (धोट्याला ढकलणाऱ्या ठोकळ्याचा) दणका बसला की परत निघतो. तो पेटीत जेवढा वेळ बसतो, अगदी थोडा का असेना, तेवढा वेळ त्याचा वेग शून्यच राहतो, बदलतच नाही, म्हणून तेवढ्या वेळात त्वरणही शून्य. याला म्हणायचं थांबणं.

चेंडूला वर पेटी कुठंय? वहीत मांडून बघ:

०.९ सेकंदाला उंची १९.५५१ मीटर, वेग +०.९८
१ सेकंदाला उंची १९.६ मीटर, वेग ०
१.१ सेकंदाला उंची १९.५५१ मीटर, वेग −०.९८

फेकल्या फेकल्या पहिल्या ०.१ सेकंदात चेंडू ९३ सेंटिमीटर चढलेला, आणि इथं वर तेवढ्याच वेळात जेमतेम ४.९ सेंटिमीटर चढला आणि पुढच्या ०.१ मध्ये तेवढाच उतरला, म्हणून डोळ्याला वाटतं की लटकलाय. पण वेगाचा रकाना बघ की. अधिक ०.९८ वरून उणे ०.९८, म्हणजे ०.२ सेकंदात १.९६ नं घटला, भागाकार केला की ९.८. खाली असताना जेवढ्या दरानं घटत होता तेवढ्याच दरानं वरही घटतोय, जरासुद्धा फरक नाही. वेगाचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे त्वरण, आणि ९.८ − ९.८ट चा डेरिव्हेटिव्ह −९.८, त्यात ट उरतच नाही, मग ट = १ ला वेगळं काय होणार बे? शून्य हा वेगाच्या वाटेवरचा एक आकडा आहे, तो ओलांडून वेग पुढं उणेत जातो. तिथं खरंच त्वरण शून्य असतं तर वेग शून्याचा शून्यच राहिला असता आणि चेंडू कायमचा तिथंच टांगलेला.

हवेचा विरोध आपण धरला नाही, खऱ्या चेंडूला थोडा फरक पडतो, पेपरात पडत नाही.

आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेत दारूकाम बघायला गेलास तर नळीतून उडणाऱ्या गोळ्याकडे नीट बघ (रॉकेट नको, त्याला वाटेतपण ढकल मिळत असते). समजा तो ४९ च्या वेगानं निघाला, तर वेग = ४९ − ९.८ट, शून्य होतो ५ सेकंदाला, उंची १२२.५ मीटर, हवेमुळं प्रत्यक्षात कमीच. वात अशी बेतलेली असते की गोळा साधारण त्या माथ्याजवळच फुटावा. वात लांब पडली तर तोपर्यंत गोळ्याचा वेग उणेत गेलेला असतो, आणि सगळं फूल फुलता फुलताच खाली सरकायला लागतं.