वीस टक्के, पण कशाचे?

प्रश्न : सर, पेरणीच्या आधी आमचे पप्पा बाजरीचं बी मिठाच्या पाण्यात टाकतात. त्यांना सांगितलंय की १० लिटर पाण्यात २ किलो मीठ टाकलं की २० टक्क्यांचं द्रावण होतं. मी पुस्तकातलं सूत्र लावलं तर १६.६७ टक्के आलं. पप्पा म्हणतात, तुझं पुस्तकच चुकलंय. बरोबर कोणाचं?
— बारावी सायन्सची विद्यार्थिनी, आष्टी (जि. बीड)

उत्तर : पोरी, गणित तुझं बरोबर आहे, आणि पप्पांचं बीही नीट निवडलं जातंय. आधी तुझं बघू. वस्तुमानाची टक्केवारी काढताना अख्ख्या द्रावणानं भागायचं, नुसत्या पाण्यानं नाही. १० लिटर पाणी म्हणजे साधारण १० किलो, त्यात २ किलो मीठ, झालं १२ किलो. २ भागिले १२, गुणिले १००. पप्पांचे २० टक्के म्हणजे १०० भाग पाण्यामागे २० भाग मीठ. हा हिशोब वावरात चालतो, बोर्डाच्या पेपरात मार्क जातात. वस्तुमानानं खरोखर २० टक्के हवे असतील तर १० लिटरला अडीच किलो मीठ लागेल.

आता मोलॅरिटी, म्हणजे १ लिटर द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे किती मोल, कारण तुझा पुढचा प्रश्न तोच असणार. सोडियम क्लोराइडचं, म्हणजे मिठाचं, मोलर वस्तुमान ५८.५, म्हणजे १ मोल मीठ ५८.५ ग्रॅमचं. २००० ग्रॅमला त्यानं भागलं की ३४.२ मोल. इथं बरीच मुलं लगेच १० नं भागून ३.४२ मोलर लिहून मोकळी होतात. ती झाली मोलॅलिटी, १ किलो पाण्यामागे ३.४२ मोल. मोलॅरिटीला द्रावणाचं आकारमान लागतं आणि ते आता १० लिटर राहिलेलं नाही. १२ लिटर म्हणशील, तर तेही नाही. या द्रावणाची घनता २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण १.१२ किलो. १२ किलोला तिनं भागलं की १०.७ लिटर. म्हणजे द्रावण ३.२ मोलर.

त्या १०.७ पाशी जरा थांब. मिठाच्या खड्याची घनता लिटरमागे २.१६ किलो, म्हणजे २ किलो मिठाला स्वतःलाच ०.९ लिटरहून जास्त जागा लागते. मग पाणी ०.७ लिटरच का चढलं? मीठ विरघळलं की सोडियम आणि क्लोराइडचे आयन (विद्युतभार असलेले कण) सुटे होतात आणि भोवतीचे पाण्याचे रेणू आपल्याकडे ओढून घेतात. तिथं पाणी आधीपेक्षा दाटीनं बसतं. म्हणूनच १ मोलर द्रावण करताना ५८.५ ग्रॅम मिठावर १ लिटर पाणी ओतत नाहीत. थोड्या पाण्यात मीठ विरघळवायचं आणि मग फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. अंबाजोगाईला प्रॅक्टिकल घेताना तोंडी परीक्षेत मी हेच विचारायचो, पाणी आधी मोजून का नाही घेतलंस? सूत्र सगळ्यांना पाठ असायचं, याचं उत्तर मोजक्यांनाच यायचं.

पप्पांचं काम मात्र टक्क्यांवर चालतच नाही, ते चालतं घनतेवर. अरगट रोगाच्या बुरशीच्या काळपट गाठी आणि पोचट दाणे या जड पाण्यात तरंगतात, भरलेला दाणा तळाशी जातो. तू १६.६७ म्हण नाहीतर पप्पा २० म्हणोत, बादलीतलं पाणी तेच. फक्त मीठ काट्यावर तोलून घ्या, आणि कोरडं घ्या. मृगाच्या दमट हवेत खडे मीठ ओलं होतं आणि २ किलोत पाणीही तोललं जातं. वर आलेलं सगळं जाळून टाका. कोंबड्यांपुढे किंवा जनावरांपुढे टाकू नका, अरगट विषारी असतं. तळाचं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा, अंगाला मीठ राहिलं तर उगवण मार खाते.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस १५०० येतो. फिल्टर विकायला आलेला माणूस म्हणाला, पाण्यात दीड टक्का मीठ आहे. खरं का?
— एक गृहिणी, जालना

उत्तर : नाही ताई. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. १५०० म्हणजे लिटरमागे १५०० मिलिग्रॅम, दीड ग्रॅम. टक्क्यांत सांगायचं तर ०.१५. समुद्राचं पाणी साडेतीन टक्क्यांचं असतं, तुमचं दीडचं असतं तर घोट तोंडात धरवला नसता. शिवाय हा आकडा एकट्या मिठाचा नाही. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षारही असतात. हातातला छोटा मीटर यातलं काहीच वेगळं ओळखत नाही, पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून अंदाज सांगतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतो असं आहे. डाळ लवकर शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल तर पाण्याचा कठीणपणा वेगळा तपासून घ्या, तो या मीटरवर कळत नाही.