निवाडा झाला, वसुलीचं काय?

प्रश्न : ताई, बिकिनी बेटावरच्या लोकांना अणुचाचण्यांपायी कोट्यवधी डॉलर मंजूर झाले, असं वाचलं. मग ते अजून भरपाई का मागतात? पैसे गेले कुठे? आणि एवढ्या वर्षांनी ते घरी परत का जात नाहीत? – एक वाचक

उत्तर : गेले कुठे म्हणायला ते आधी यायला हवे होते! आयुष्यभर अपघाताचे दावे चालवलेली मी बाई; निवाडा आणि वसुली यांत किती अंतर असतं, ते मला विचारा.

बिकिनी हे पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांपैकी एक. ही बेटं संयुक्त राष्ट्रांनी १९४७मध्ये विश्वस्त म्हणून अमेरिकेकडे सोपवली. तिथे १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने ६७ अणुस्फोट केले. १ मार्च १९५४चा ‘ब्राव्हो’ हा स्फोट १५ मेगाटनांचा, म्हणजे दीड कोटी टन टीएनटी स्फोटकाइतका होता. त्याची पांढरी राख रोंगेलाप या दुसऱ्या मार्शल बेटावर पडली आणि तिथल्या माणसांना हलवायला दोन दिवस लागले.

मार्शल बेटांशी झालेल्या १९८६च्या करारात अमेरिकेने १५ कोटी डॉलरचा निधी दिला आणि त्याबदल्यात सगळे दावे कायमचे मिटले, असं लिहून घेतलं. नुकसान मोजणारं न्यायाधिकरण १९८८मध्ये, म्हणजे नंतर आलं. आधी रक्कम, मग मोजमाप! त्या न्यायाधिकरणाचं एक मात्र मला फार पटलं. चाचण्यांच्या काळात तुम्ही तिथे राहत होता आणि ठरलेल्या यादीतला आजार झाला, एवढं पुरे. तो किरणोत्सर्गानेच झाला हे सिद्ध करायची गरज नाही. थायरॉइडच्या गाठीवर कुठल्या बॉम्बचा शिक्का असणार?

२००१मध्ये बिकिनीला ५६ कोटी डॉलरहून जास्त मंजूर झाले. हातात पडले जेमतेम २३ लाख, अर्धा टक्काही नाही. निधीच आटला होता. हुकूमनामा हातात, पण दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावायची कुठे? अमेरिकी काँग्रेसकडे जादा रकमेची मागणी झाली. २००५मध्ये तिथल्या सरकारने त्याला कायदेशीर आधार नाही म्हटलं. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. (बिकिनीकरांसाठी दुसरे निधीही होते. त्यांचा कारभार हा वेगळा विषय, आणि तो काही फार अभिमानाने सांगण्यासारखा नाही.)

परत जाण्याबद्दल. ते एकदा गेले होते. १९६८मध्ये अमेरिकेने बेट सुरक्षित असल्याचं जाहीर केलं, काही कुटुंबं परतली, तिथलेच नारळ खाऊ लागली. अंगातलं सीझियम-१३७ हे किरणोत्सर्गी द्रव्य वाढत गेलं आणि १९७८मध्ये त्यांना पुन्हा बाहेर काढावं लागलं. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम कमी, म्हणून झाड त्याच्याऐवजी सीझियम शोषतं. पोटॅशियमचं खत घातलं की नारळातलं सीझियम बरंच उतरतं, हे प्रयोगांत दिसलंय. पण खत वर्षानुवर्षं घालायचं कोणाच्या पैशाने? आणि ‘आता खा’ हे सांगणारं सरकार तेच असेल, तर बिकिनीकरांनी आधी दुसऱ्या कोणाकडून माती तपासून घ्यावी, असंच मी त्यांची वकील असते तर सांगितलं असतं.