चाळीस मिनिटे एका आरशापुढे

"मॅडम, एवढ्या वस्तू मांडलेल्या होत्या आणि आमच्या मुलाने त्यांतली एकच पाहिली," असे डिचोलीच्या बाजूने आलेली एक आई खुर्चीवर टेकण्यापूर्वीच म्हणाली, आणि तिच्या स्वरात तक्रारीपेक्षा भीती अधिक होती. चतुर्थीच्या सुट्टीत, दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन आटोपल्यावर, तिच्या नवऱ्याने कारखान्यातून एक दिवसाची रजा काढली होती आणि सात वर्षांचा मुलगा व चार वर्षांची मुलगी यांना घेऊन ते दोघे मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रात गेले होते. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) मुलगा एका मोठ्या अंतर्गोल आरशापुढे थांबला तो सुमारे ४० मिनिटे तिथून हलला नाही. तारांगणात दिवे मंद होताच मुलगी रडू लागली आणि आईला तिला घेऊन बाहेर यावे लागले. परतीच्या वाटेवर वडिलांनी "आज काय शिकलास?" असे विचारले, मुलाने "काही नाही" असे उत्तर दिले, आणि त्यानंतर गाडीत काय झाले ते सांगताना आई थोडा वेळ गप्प राहिली. त्या रात्री तिने मोबाईलवर शोधाशोध केली आणि 'एकाच वस्तूत गुंतून राहणे' या लक्षणावरून ती थेट स्वमग्नतेपर्यंत (ऑटिझमपर्यंत) जाऊन पोहोचली.

सुट्ट्या संपल्या की अशा तक्रारी माझ्याकडे नेमाने येतात. काही मुले प्रत्येक बटण दाबून दोन मिनिटांत पुढच्या वस्तूकडे धावतात, म्हणून पालकांना लक्ष लागत नसल्याची शंका येते. काही मुले एकाच ठिकाणी खिळून राहतात, म्हणून त्यांना भलतीच शंका येते. दोन्ही तक्रारींच्या मुळाशी तिकीट, रजा आणि प्रवास यांचा हिशेब असतो, आणि तो हिशेब क्षुद्र आहे असे मी कधीही म्हणणार नाही, कारण रजा सहज मिळत नाही.

मी त्या आईला लगेच धीर दिला नाही. स्वमग्नतेची शंका समोर आली की ती न तपासता बाजूला सारणे चुकीचे ठरते. मुलाला हाक मारली तर तो वळून पाहतो का, वर्गातील इतर मुलांबरोबर खेळतो का, दिनक्रमात अचानक बदल झाला तर अतोनात अस्वस्थ होतो का, त्याचे बोलणे वयाच्या मानाने कसे आहे, हे सर्व मी विचारले आणि त्यात काळजीचे काही आढळले नाही. मग मी आरशापुढच्या त्या ४० मिनिटांविषयी बारकाईने विचारू लागले, तेव्हा आईला एक गोष्ट आठवली, जी तिने स्वतःहून सांगितली नव्हती. मुलाने मध्येच धावत येऊन बहिणीचा हात धरला, तिला ओढत आरशापुढे नेले, एका जागी उभे केले आणि "आतां फाटीं वच" असे म्हणून तिला मागे मागे चालायला लावले. आपल्याला जे दिसले ते दुसऱ्यालाही दिसावे ही ओढ मला फार महत्त्वाची वाटते. याच्या उलट, मूल सर्वत्र आणि दररोज असेच गुंतत असेल, आपले कुतूहल कोणालाही दाखवत नसेल आणि त्याला त्यातून बाहेर काढताना प्रत्येक वेळी आकांत होत असेल, तर बालविकासतज्ज्ञांकडून तपासणी अवश्य करून घ्यावी आणि त्यात संकोच बाळगू नये.

पुढच्या भेटीत मुलगा आला. मी त्याला काय शिकलास असे न विचारता, आरशापुढे तू काय करत होतास, एवढेच विचारले. "हांव खंय उलटो जातां तें पळयतालों," (मी कुठे उलटा होतो ते पाहत होतो) असे तो म्हणाला. अंतर्गोल आरशाजवळ उभे राहिले तर चेहरा मोठा आणि सरळ दिसतो, मागे सरकत गेले की एका ठिकाणी तो पसरतो, विस्कटतो आणि ओळखू येईनासा होतो, आणि त्याच्याही मागे गेले की तोच चेहरा उलटा होऊन समोर येतो. ही उलटापालट आरशाच्या वक्रता केंद्रापाशी, म्हणजे आरसा ज्या गोलाचा तुकडा मानता येतो त्या गोलाच्या मध्यापाशी होते. ते केंद्र कुठे आहे हे हा मुलगा पावलांनी शोधत होता, बहीण त्याच्यापेक्षा बुटकी असल्यामुळे तिच्यासाठी ती जागा वेगळी आहे का, हेही तपासून पाहत होता, आणि संध्याकाळी घरचे लोक त्याला विचारत होते की तू आज काय शिकलास! सात वर्षांच्या मुलाकडे आपण काय करत होतो हे सांगण्यासाठी 'वक्रता' हा शब्द नसतो, म्हणून 'काही नाही' हेच त्याच्यापाशी असलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर होते.

ज्या संग्रहालयांत वस्तू हाताळायच्या असतात, ती मुळात अशाच रेंगाळण्यासाठी निर्माण झाली. सॅन फ्रान्सिस्को येथे १९६९ मध्ये 'एक्सप्लोरेटोरियम' सुरू करणारे भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहाइमर यांनी त्यापूर्वी कोलोरॅडोमध्ये पशुपालन केले होते आणि एका लहान गावातील शाळेत विज्ञानही शिकवले होते. संग्रहालयात कोणी नापास होत नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या केंद्रांची घडणही याच विचाराची आहे आणि मिरामारचे केंद्र त्या परिषदेनेच २००१ मध्ये उभारले. तेथे परीक्षा आपण घेऊन जातो. माझी मुलगी लहान असताना मीही तिला असेच हाताला धरून एका दालनातून दुसऱ्या दालनात ओढत नेले होते, हे मी त्या आईपासून लपवले नाही.

मुलीच्या रडण्याबद्दल मला फारशी चिंता वाटली नाही. चार वर्षांच्या मुलाला अंधाराची भीती वाटणे हे त्या वयाला धरूनच असते, त्यात तारांगणात डोक्यावरचे छतच नाहीसे झाल्यासारखे वाटते आणि आवाज चहूबाजूंनी येतो. दिवे हळूहळू मंद होतील आणि शेवटी पुन्हा लागतील हे आधी सांगून ठेवावे, घरात संध्याकाळी दिवा मालवून थोडा वेळ मांडीवर घेऊन बसावे, तारांगणात दाराजवळची जागा धरावी आणि तरीही मूल नको म्हणाले तर बाहेर समुद्रावर जावे, एवढेच मी सुचवले.

वडिलांसाठी मी एक निरोप दिला होता, की मुलाला प्रश्न विचारण्याऐवजी त्याच्याबरोबर स्टीलचा डाव घेऊन बसावे. डावाच्या आतल्या बाजूत पाहिले की चेहरा उलटा दिसतो आणि पाठीमागच्या बाजूत तो सरळ, पण लहान दिसतो. डाव डोळ्यांपासून हातभर दूर धरून त्याच्या खोलगट भागात बोट अगदी तळाशी नेले, तर ते मात्र सरळ आणि मोठे दिसते, आणि बाहेर काढताना उलटते. ही जागा चेहरा उलटण्याच्या जागेच्या निम्म्या अंतरावर असते, कारण गोलाकार आरशाचे नाभीय अंतर (दुरून येणारे समांतर किरण जिथे एकत्र येतात त्या बिंदूपर्यंतचे अंतर) त्याच्या वक्रता त्रिज्येच्या, म्हणजे वक्रता केंद्रापर्यंतच्या अंतराच्या, साधारण निम्मे असते. हे स्पष्टीकरण मी आमच्या शेजारच्या विज्ञान शिक्षकांकडून आधी समजून घेतले होते, अन्यथा मलाही ते सांगता आले नसते.

तीन आठवड्यांनी आई एकटीच आली. वडिलांनी आधी "जेवताना खेळ नको" असे म्हटले होते, मात्र मुलाने डाव त्यांच्या हातात दिल्यावर त्यांनी स्वतःच बोट आत-बाहेर करून पाहिले, "हे असे का होते?" असे मुलालाच विचारले आणि आमटी निवेपर्यंत ते दोघेही त्याच उद्योगात राहिले. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा मिरामारला जायचे ठरत आहे. मुलगी मात्र तारांगणाला अजूनही ठाम नकार देते, म्हणून तिच्यासाठी त्या खेळाचे तिकीट आत्ताच काढू नका, असे मी सांगितले आहे.